तुंबलेले सिंक
(मंडळाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



या सभांतून आजवर पाककृती झाल्या, भरतकाम झाले, आरोग्यावरची व्याख्यानेही झाली. माझा विषय मात्र सिंकच्या खाली, केराच्या डब्याशेजारी दडलेला आहे. कार्यवाहबाईंना मी तो सांगितला तेव्हा त्या हसल्याच. पण ऐन सणाच्या दिवशी ज्या घरी सिंक तुंबते, त्या घरच्या बाईला हसू येत नाही.

आमच्याकडे ते भाऊबीजेच्या सकाळी तुंबले. चार दिवस तळण चालले होते. कढईतले उरलेसुरले तेल मी गरम पाण्याबरोबर ओतून दिले आणि वाटले, गेले एकदाचे! पण गरम पाण्याने पातळ झालेले तेल-तूप पुढे जाऊन थंड झाले, की पाइपाला आतून चिकटते. त्याला भाताची शिते, चहाचा चोथा, नारळाचा चव येऊन मिळतो आणि वाट बुजत जाते.

नणंदा यायच्या, पाने मांडायची, आणि सिंकमध्ये काळे पाणी! घाईघाईत मी संडास धुण्याचे ॲसिड त्यात ओतले. पाणी हलले नाही. दुपारी प्लंबर आला, विशीतला मुलगा. त्याने खालचा सांधा उघडला आणि ते सगळे पाणी त्याच्या हातावर आले. न्हाणीघरातल्या नळाखाली वीस मिनिटे हात धरून तो उभा होता. एवढेच म्हणाला, "काकू, ॲसिड टाकलंय हे सांगायचं तरी होतंत." भगिनींनो, ते वाक्य अजून माझ्या कानांतून जात नाही. पुढच्या खेपेस मी हे काम त्याच्याकडूनच शिकून घेतले. तेच आज सांगते.

प्रथम कुठे तुंबले आहे ते पाहावे. न्हाणीघराचे पाणी नीट जात असेल, तर दोष बहुधा सिंकखालीच असतो. दोन्हीकडे पाणी उभे राहिले, तर पुढचा मोठा पाइप तुंबलेला असण्याचा संभव. तिथे आपण हात घालू नये.

मग लाकडी दांडीचा रबरी पंप घ्यावा. रबराची वाटी बुडेल इतके पाणी ठेवून बाकीचे उपसावे. सिंकला वरच्या अंगाला जादा पाणी जाण्याचे भोक असेल, तर ते ओल्या फडक्याने गच्च बंद करावे, नाहीतर सारा जोर तिथून निघून जातो. दांडी सरळ धरून पंधरा-वीस वेळा दाबावे आणि ओढावे. दाबण्याइतकेच ओढण्याला महत्त्व आहे.

तेवढ्याने भागले नाही, तर सिंकखालचा बाटलीसारखा भाग उघडावा. त्यात नेहमी थोडे पाणी साठलेले असते, ते मुद्दामच; त्या पाण्यामुळे गटाराची दुर्गंधी घरात येत नाही. खाली बादली ठेवावी, हातमोजे घालावेत आणि तळची वाटी खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी. आतली रबरी चकती सांभाळून ठेवावी, गाळ केरात टाकावा. मात्र ती वाटी धुवायला त्याच सिंकशी जाऊ नका. मी गेले होते. सारे पाणी माझ्याच पायांवर!

आता औषधांविषयी. बाजारातल्या पुडीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो कातडी आणि डोळे जाळतो. ॲसिड आणि ब्लीचिंगचे पाणी तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर छान फसफसते, पण घट्ट बसलेला बोळा त्याने सहसा हलत नाही. उकळते पाणी प्लॅस्टिकच्या पाइपांना सोसत नाही, सांधे ढिले होतात.

खरा उपाय तुंबण्याआधीचा आहे. सिंकला जाळी बसवावी. तेलकट भांडी घासण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत. चहाचा चोथा धुऊन कुंडीत घालावा. तळणाचे नकोसे तेल बाटलीत भरावे, सिंकमध्ये ओतू नये.

भगिनींनो, आपण ओतून दिलेले तूप नाहीसे होत नाही. ते पुढे गटारात जाऊन गोठते आणि कुणाला तरी काढावे लागते. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तिथे गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

तेव्हा जाळी आजच आणा. आणि प्लंबरला बोलवावेच लागले, तर तो खाली वाकण्याआधी सिंकमध्ये काय काय टाकले आहे ते त्याला सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही. मी लाजले नव्हते, विसरले होते. पण भाजला तो त्याचा हात.