श्रमदानाची एक सकाळ कुठं खर्चावी?



श्रमदान आपल्या बीड जिल्ह्याला नवीन नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती वरूड, कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई या तीन तालुक्यांत. माणसं टिकाव-फावडं घेऊन बाहेर पडतात हे चांगलंच आहे. पण त्यांना नेमकं कोणत्या कामावर लावायचं, याचा हिशोब फार थोड्या गावांत होतो. बियाणं घेताना आपण एकरी उतारा विचारतो. मग फुकट दिलेल्या घामाचा उतारा का विचारू नये?

हिशोब सोपा आहे. डोंगरउतारावरचा सलग समतल चर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटर धरा. एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं. मुरमाड जागेत एक माणूस एका सकाळी तीन मीटर खोदतो असं समजू. झाले ५४० लिटर. वर्षात पाच वेळा चर भरला तर २,७०० लिटर. गाळ काढत राहिलात आणि चर पाच वर्षं टिकला, तर साडेतेरा हजार लिटर एका माणसाच्या एका सकाळीचे.

आता वनराई बंधारा घ्या. नाला दहा मीटर रुंद, बंधारा एक मीटर उंच, पाणी मागं शंभर मीटर तुंबलं. साठा पाचरीसारखा असतो, म्हणून निम्मा धरायचा. पाच लाख लिटर होतात. पंचवीस माणसं लागली तर माणशी वीस हजार, आणि तेही त्याच हंगामात, रब्बी ज्वारी-हरभऱ्याच्या वेळेला. मात्र नाला पावसाळा सरल्यावर वाहता पाहिजे, आणि बंधारा दर साली नव्यानं घालावा लागतो. दुष्काळी वर्षात नाला कोरडा, तर बंधाऱ्याचा उपयोग शून्य. चर मात्र पडेल तो पाऊस धरतो, वर मातीही अडवतो.

तेव्हा नाला दिवाळीपर्यंत वाहत असेल तर आधी बंधारा. नसेल तर सरळ माथ्यावर चला.

तलावातला गाळ घमेल्यानं काढायला जाऊ नका. एक माणूस सकाळभर खपून जेवढा काढील तेवढा पोकलेन मिनिटभरात उचलतो. तिथं वर्गणी काढून डिझेल भरा, २०१७ साली शासनानं गाळमुक्त धरण योजना काढली ती याच कामासाठी. माणसाचे हात यंत्र चढत नाही अशा उतारावर न्या. आणि जे काम रोजगार हमीत बसतं, त्याची मागणी आधी ग्रामपंचायतीकडे करा. मजुराला ज्याचे पैसे मिळू शकतात ते काम त्याच्याकडून फुकट करून घेणं मला तरी पटत नाही.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतं. म्हणून बंधारा टोळ्या निघायच्या आत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाण्याचा जोर ओसरताच घालावा. चराचं काम एप्रिल-मे महिन्यात, माणसं परतल्यावर.

शेवटी पाणी कुणाच्या विहिरीत उतरणार, हे खोदण्याआधी बोला. वरच्या अंगाला राबणाऱ्यांत भूमिहीन पुष्कळ असतात, आणि खाली एखाद्याचाच ऊस भिजतो. पुढच्या साली ती माणसं येत नाहीत, त्यांचं काय चुकलं? बंधाऱ्यात थेट मोटार टाकायची नाही, आधी जनावरांचं आणि पिण्याचं पाणी, हे ग्रामसभेत लिहून घ्या.

बंधाऱ्यासाठी सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती चालतात. ती पाऊण भागच भरा, तोंड शिवा आणि विटांसारखी सांधे मोडून रचा. पुढच्या मृगाआधी पोती काढून ठेवा, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात नाल्याचा काठ फुटून शेजाऱ्याची जमीन खरवडून जाते.