शेवटच्या ओळीपर्यंत आवाज

(जिल्हा मेळाव्याच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन 1936 च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला भरले. मोठ्या सभा खानदेशाला नव्या नाहीत. आपणही मंडप, ट्रॅक्टर, भाकरी यांचा हिशेब आठ दिवस आधी मांडतो. आवाजाचे काम मात्र स्पीकरवाल्यावर टाकून मोकळे होतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या सभेत एक आजी बोलायला उभी राहिली. कापसाच्या मापात कटती किती धरली, त्याची पावती तिच्या पदराला बांधलेली होती. तिने माईकची जाळी मुठीत धरली आणि भोंगा किंचाळला. माणसे हसली. आजी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. मिक्सरवर मी होतो. चूक तिची नव्हती, माझी होती.

शिट्टी का येते? भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मिक्सरमधून वाढून भोंग्यातून निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. म्हणून भोंगे माईकच्या पुढे बांधा, तोंड लोकांकडे. माईक ओठांपासून चार बोटे. हे अंतर दुप्पट झाले की माईकला मिळणारा आवाज जवळजवळ निम्मा होतो. मग आपण बटण पिळतो आणि शिट्टी ओढवून घेतो. जाळी मुठीत झाकली की माईक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो. व्यासपीठावर पाच माईक असले तरी बोलणाऱ्याचा तेवढा चालू ठेवा. पुढाऱ्यांना राग येईल, येऊ द्या.

मिक्सर म्हणजे पाईपलाईन समजा. आपण कोरडवाहू, पण शेजाऱ्याची पाहिलेली आहेच! वरचे गेनचे बटण हा विहिरीवरचा व्हॉल्व्ह, खालची सरकती पट्टी हा शेतातला. विहिरीवर गढूळ झालेले पाणी शेतातला व्हॉल्व्ह आवळून नितळ होत नाही. गेनवर फाटलेला आवाज पट्टी खाली ओढली तरी फाटकाच राहतो. 'हॅलो, वन टू थ्री' पुटपुटून गेन लावू नका. भाषणात ओरडतो तसे एकाला ओरडायला सांगा, आणि लाल दिवा लागला की गेन मागे घ्या. वाऱ्याची घरघर येत असेल तर खालचा, जाड आवाज कापणारे बटण दाबा.

आवाजच गेला तर सगळी बटणे एकदम फिरवू नका. तोंडाकडून भोंग्याकडे चला: माईकचा खटका, वायर, गेन, पट्टी, मास्टर, अँप्लिफायर. एका वेळी एकच गोष्ट बदला. गुणगुण येत असेल तर माईकची वायर विजेच्या वायरीपासून दूर घ्या, मिक्सर व अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावा. गुणगुण थांबावी म्हणून अर्थिंगची पिन मोडणारे बहाद्दर आहेत. तो जिवाशी खेळ आहे. सुरू करताना अँप्लिफायर शेवटी, बंद करताना आधी.

मागच्यांसाठी मैदानात दूर आणखी भोंगे बांधायचा मोह होतो. आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. 70 मीटरवर दुसरे भोंगे लावले की तिथल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, पहिल्यावर दुसरा चढतो. मिक्सरमध्ये डिलेची सोय नसेल तर पुढचेच भोंगे उंच बांधून त्यांचा रोख मागच्या ओळीवर धरा.

परवानगीचा कागद खिशात हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे.

उद्या तासभर आधी दोघांनी मिक्सरवर थांबायचे आणि एकीने बायांच्या शेवटच्या ओळीत. शब्द नीट कळला की तिने हात वर करायचा. तिचा हात वर गेल्याशिवाय पहिला वक्ता उठणार नाही.