निष्काम कर्माचे आजोबा : महर्षी अण्णासाहेब कर्वे



मठाच्या वर्धापनप्रसंगी आचार्यपरंपरेचे स्मरण व्हावे हे उचितच होय. परंतु मठ ज्ञानावर जसा उभा असतो, तसाच तो सेवेवरही उभा असतो. उत्सवात पंक्ती वाढणारे, पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडणारे एखादे वृद्ध गृहस्थ प्रत्येक गावी असतात, आणि नाते नसतानाही मुले त्यांना आजोबा म्हणतात. अशा आजोबांचा आदर्श शोधू लागले असता महर्षी धोंडो केशव कर्वे यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

अण्णांचा जन्म १८५८ सालचा. बालपण कोकणातील मुरूड गावी गेले. परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसात कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेला, आणि तेथे केवळ वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. घरी परतून त्याने पुनश्च अभ्यासास आरंभ केला. पुढील आयुष्याची सारी रीत या एका प्रसंगात दिसते : चालावे, नकार ऐकावा आणि पुन्हा चालू लागावे.

१८९१ साली ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा संसार करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाईंशी विवाह केला. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. समाजाची मात्र मिळाली नव्हती. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ वृद्ध मातेलाही सोसावी लागली. अण्णांनी कोणाशी वाद घातला नाही. अपशब्दाला प्रत्युत्तर देण्यात जी शक्ती खर्च व्हावयाची, ती त्यांनी कार्याकडे वळविली.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. महाविद्यालयातील तास आटोपून हा प्राध्यापक आश्रमाचे सामान स्वतःच्या खांद्यावर घेऊन चिखलाची वाट तुडवीत हिंगण्यास जाई, आणि सकाळी पुन्हा शिकविण्यास शहरात येई. आश्रमातील मुलींना या वृत्तीचा जो पाठ मिळाला, तो कोणत्याही पुस्तकात नव्हता.

येथे कोणी विचारील की, मठाच्या व्यासपीठावर या समाजसुधारकाचे स्मरण कशासाठी? उत्तर अण्णांनीच देऊन ठेविले आहे. १९०८ साली त्यांनी संस्थेसाठी आजन्म राबणाऱ्या सेवकांचा एक संघ उभारला आणि त्याला नाव दिले ‘निष्काम कर्म मठ’. त्यात पुरुष होते, तशा स्त्रियाही होत्या. आपले आयुष्य कार्यास वाहावे आणि निर्वाहापुरते जे मिळेल त्यात समाधान मानावे, असे त्याचे व्रत होते. ज्या समाजाने त्यांना पंक्तीबाहेर बसविले, त्याच समाजाच्या परंपरेतील हा पवित्र शब्द त्यांनी टाकला नाही; आदराने उचलून घेतला. गीतेतील निष्काम कर्म पाठशाळेत शिकविता येते. परंतु त्याचे भाष्य खांद्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याच्या पावलांनीच लिहावे लागते.

या व्रताची किंमत केवळ अण्णांनीच मोजली असे मात्र नव्हे. घराला लागणारा पैसा संस्थेकडे वळे, आणि पती कार्यात मग्न असता संसाराचा भार बायांवर पडे. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, सर्वांच्या बाया. त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपले कष्ट मोकळेपणाने सांगितले आहेत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमासाठी दूरदूर फिरून निधी जमविला. सेवकाचा सत्कार करताना त्याच्या घरात चूल सांभाळणाऱ्या माउलीस विसरणे, हे कृतघ्नपण होय.

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली त्याला ठाकरसी यांची १५ लक्ष रुपयांची देणगी लाभली. एवढे यश पदरी पडल्यावर दुसरा कोणी विसावला असता. परंतु १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती निघावी म्हणून अण्णांनी नवी संस्था काढली आणि वर्गणीसाठी पुन्हा दारोदार हिंडू लागले. घरी नातवंडे वाढत होती. पण ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा खेड्यांतील मुलांचेही ते आजोबा झाले. त्या संस्थेने सुमारे ४० शाळा काढल्या. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे ते आयुष्य शांत झाले. ज्या हिंगण्याची वाट त्यांनी तुडविली, तो भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.

भाविकहो, आपल्या मठातही असे आजोबा आहेत. त्यांच्या निधनानंतर तसबिरीस हार घालणे सोपे आहे. ते हयात असतानाच त्यांच्या हातातील पावतीपुस्तक आपल्या हाती घेणे, हा खरा सत्कार होय. त्याचबरोबर आणखी एक विचार प्रत्येकाने मनाशी करावा. आज आपल्या पंक्तीबाहेर कोणी उभे आहे काय? असल्यास त्यास आत बोलाविण्याचे बळ श्रीगुरूंनी सर्वांस द्यावे, हीच या मंगल प्रसंगी त्यांच्या चरणी प्रार्थना.