सकाळी मूठ वळत नाही तेव्हा

(सोनगीर येथील महिला मेळाव्यात आमच्या सामाजिक कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला विषय दिला आहे 'संधिवात आणि आहार'. आहार म्हटलं की तुम्हांला वाटतं, आता ताई यादी देणार, हे खा आणि ते सोडा. यादी देते, पण ती फार लहान आहे. जास्त वेळ मी दुसऱ्याच गोष्टीवर घेणार आहे. आमच्या गावभेटींत आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो की बाई पथ्य इमानाने पाळते, वांगं सोडते, ताक सोडते, आणि त्याच भरवशावर डॉक्टरांची गोळीही सोडते. दोन वर्षांनी तिची बोटं वाकडी झालेली असतात. तोंडातलं गेलं आणि हातही गेले.

आधी हा आजार कोणता ते नीट समजून घेऊ. गुडघे झिजून दुखतात तो वेगळा. आपण बोलतो आहोत आमवाताबद्दल, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या 'माधवनिदान' ग्रंथातही आमवाताचं वर्णन आहे. शरीराचं रक्षण करणारी जी शक्ती आहे तीच उलटते आणि सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो, आणि बहुतेक वेळा ऐन कामाच्या वयात, तिशी ते पन्नाशीत. हाताची लहान बोटं, मनगटं, पायाचे चवडे धरतात, आणि दोन्ही बाजूंचे बरोबर धरतात. गरोदरपणात पुष्कळ जणींना आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणं उसळतं. मग घरचे म्हणतात, बाळंतपणात वारं लागलं.

एक मावशी मला अहिराणीत म्हणाल्या, "सकायमा मूठ वळस नही." डॉक्टर नेमकं हेच विचारतात. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास, तासभर हात आखडलेले, मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि काम करता करता हळूहळू मोकळे होतात. असं सहा आठवडे चाललं असेल तर वाट पाहू नका. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच सांध्यांचं फार नुकसान होतं, आणि झालेलं नुकसान गोळीने भरून येत नाही.

आपल्या भागासाठी एक सूचना इथेच देते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर दुखणारा प्रत्येक सांधा आमवाताचा नसतो. लहान मूल किंवा तरुण मुलगी हातपाय-पाठ दुखतात म्हणून रडते, डोळे पिवळे दिसतात, वरचेवर रक्त कमी होतं, तर सिकलसेलची तपासणी करा. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ते आपल्यासारख्याच भागांसाठी आहे. चिकनगुनियानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात. तेव्हा आधी रक्त तपासा, मग नाव ठेवा. शेजारणीच्या दुखण्याचं नाव आपल्या दुखण्याला देऊन तिचीच औषधं आणू नका.

आता जेवण. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये आहार आणि व्यायामावर सल्ला काढला. त्यात जोरदार शिफारस एकाच गोष्टीची आहे, नियमित व्यायामाची. आहारात भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खं धान्य, मासे आणि चांगलं तेल, असं भूमध्य समुद्राकडचं जेवण बरं, एवढं सौम्य शब्दांत म्हटलं आहे. बाकीच्या ठरावीक पथ्यांची आणि डब्यातल्या पूरक पावडरींची शिफारस केलेली नाही. ऑलिव्हचं तेल आपण कुठून आणणार? पण बाकीचं पहा. कळण्याची भाकरी, दादरची भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला, भुईमुगाचे दाणे, तीळ, जवसाची चटणी. खानदेशी घरात हे सगळं आहे. कमी करायचं ते शेवभाजीवरची तर्री, बेकरीचा माल, साखरेचा चहा आणि पोरांच्या नावाने घरात येणारी चकचकीत पाकिटं. बाजारात बांगडा मिळाला तर आठवड्यातून एकदा-दोनदा खा, त्यातलं तेल सुजेला थोडं आवरतं. जवसातलं तेल त्याच कुळातलं, पण तितकं कामाचं नाही. तरी चटणी खा, चवीला कोण नाही म्हणेल?

वांगं, टोमॅटो, बटाटा, आंबट सोडा, असं सगळीकडे सांगतात. या भाज्यांनी आमवात होतो किंवा वाढतो याला भक्कम पुरावा नाही. भरीत सोडून आमवात बरा झाला असता तर आमच्या जळगावकडची माणसं कधीच भरीत सोडून मोकळी झाली असती! एखादी गोष्ट खाल्ली की तुम्हांला हटकून त्रास होतो, असं तुम्ही दोन-तीनदा पाहिलं असेल तर ती खाऊ नका, त्यात वाद नाही. पण डाळ, दूध, अंडी एकदम बंद करू नका. या आजारात स्नायू आपोआप झिजतात. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी, वर जेवणातलं बळ काढून घेतलं तर हंडा उचलायला हात उरतील का?

उपासाबद्दल विचारतात, म्हणून सांगते. नॉर्वेतला एक प्रयोग 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. रुग्णांना आठवडा-दीड आठवडा जवळजवळ उपाशी ठेवलं, मग वर्षभर शाकाहारी जेवण दिलं, आणि त्यांना आराम पडला. हे खरं आहे. पण ती माणसं चार आठवडे आरोग्यधामात राहिली होती, त्यांच्यावर लक्ष होतं, आणि ती थोडी होती. उपास सुटून पहिल्यासारखं जेवण सुरू झालं की दुखणंही परत येतं, हाच सर्वसाधारण अनुभव आहे. लेंटच्या दिवसांत अशक्त बाईने रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्या घेऊन उपास धरणं म्हणजे पोटात जखम करून घेणं. अशा बहिणींना उपासातून मोकळं करण्याचं काम पाळकांनी स्वतः होऊन करावं, अशी माझी त्यांना विनंती आहे. ती बिचारी स्वतः मागणार नाही.

सोनगीरला येऊन तांब्याबद्दल बोललं नाही तर कसं चालेल! इथल्या कारागिरांनी घडवलेली तांब्या-पितळेची भांडी दूरवर गेली. म्हणूनच की काय, मनगटात तांब्याचं कडं घातलं की वात जातो, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या 70 रुग्णांना तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे आलटून-पालटून घालायला देऊन पाहिलं. 2013 मध्ये निष्कर्ष आला, की दुखण्यावर आणि सुजेवर खऱ्या-खोट्या कड्यांत काही फरक नाही. हौसेने घाला, कारागिराला चार पैसे मिळतील. कड्याने कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते पुडीने. आठवडी बाजारात, एसटी स्टँडजवळ, कधी घरपोच, बिननावाची पुडी मिळते. 'शुद्ध जडीबुटी' असं सांगतात. दोन दिवसांत बाई उठून चालायला लागते. अशा कितीतरी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताने खाटेला खिळलेल्या 29 वर्षांच्या बाईला पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झालेलं औषध टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. जगाने चमत्कार मानला, 1950 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळालं. पण औषध चालू राहिलं तसे त्याचे परिणाम दिसू लागले. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, अंगातली रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. आज डॉक्टर स्टिरॉइड देतात ते मोजून, थोड्या काळासाठी. पुडीत किती आहे ते कोण मोजतं? आणि ऐका, कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर आज माझं ऐकून उद्या ती फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकतं. पुडी पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा. ते हळूहळू सोडवतील.

आमवाताची मुख्य गोळी आहे मेथोट्रेक्सेट. ती दोन दिवसांत काही करत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात, आणि आपल्या बायका तिसऱ्या आठवड्यात "लागू पडत नाही" म्हणून सोडतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. म्हणून आमच्या बहिणींना मी डॉक्टरांना विचारून रविवार ठरवून देते. सकाळी उपासना, रात्री जेवणानंतर गोळी. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं. मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी चालत नाही, हे लाजू नका, पहिल्याच दिवशी सांगा. आणि मोहाची असो की दुकानातली, दारू पूर्ण बंद, नाहीतर यकृत जाईल. बिडीने हा आजार होण्याचा धोका वाढतो आणि झालेला जास्त चिघळतो. किडलेल्या हिरड्यांचाही या आजाराशी संबंध दिसला आहे, आणि मशेरीने हिरड्या काय होतात ते तुम्हीच आरशात पहा.

घरातल्या पुरुषांनी पुढचं ऐकावं. कापूस वेचणीला मजुरी किलोवर मिळते. पहाटे दव असतं, बोटं आखडलेली असतात, आणि बोंडातून कापूस ओढायला नेमकी तीच बोटं लागतात. ज्या बाईला आमवात आहे तिने उठल्यावर कोमट पाण्यात हात दहा मिनिटं ठेवावे, मूठ हळूहळू उघडावी-मिटावी, मनगट फिरवावं, मग चूल पेटवावी. पाणी तिने हंड्याने आणू नये, घरातल्या दुसऱ्याने आणावं. खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीला जुनं कापड जाड गुंडाळा, पकडायला जोर कमी लागतो. पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवा. सांधा लाल होऊन सुजला असेल त्या दिवशी त्याला विसावा द्या, पण महिनाभर खाटेवर पडून राहू नका, सांधे तिथेच गोठतात. चालणं रोज हवं.

आता जे बोलायला मला सगळ्यात अवघड जातं ते बोलते. आपल्याच मंडळ्यांत अशा बाईला सांगितलं जातं, "तुझा विश्वास कमी आहे, गोळी सोड आणि प्रार्थना कर." मी धर्मशिक्षण घेतलं आहे, म्हणून वचनातूनच उत्तर देते. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. देवाचं आश्वासन मिळाल्यावर लावलेला लेप अविश्वास होता का? पौलाने तीमथ्याला त्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी आहारातला बदल सुचवला, त्याच्या विश्वासावर बोट ठेवलं नाही. स्वतः पौलाचा काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि लूकच्या तेराव्या अध्यायातली अठरा वर्षं वाकलेली बाई आठवा. प्रभूने तिला बरं करण्याआधी तिच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही. त्याने तिला पाहिलं, हाक मारली आणि सभास्थानात सगळ्यांसमोर अब्राहामाची कन्या म्हटलं. आपण तिच्या जागी असलेल्या बाईला काय म्हणतो?

प्रार्थना कराच. हात धरून करा, पण हळू धरा, दुखतो.

देणगीदार बंधुभगिनींना सांगायचं ते थोडक्यात. औषध फार महाग नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, आणि मोठ्या तपासण्यांसाठी धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडतं ते दुसरीकडे. शिरपूर-साक्रीच्या पाड्यावरून धुळ्याला येणं म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. ऊसतोडीला टोळी निघाली की सहा महिने औषध आणि तपासणी दोन्ही तुटतात. गेल्या वेळी तुम्ही विचारलं होतं, गरम कपडे पाठवू का. कपडे पुरेसे आहेत. या वर्षी भाड्याचे पैसे द्या. शिवाय टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक रुग्ण बहिणीसाठी प्लॅस्टिकच्या पाकिटात एक वही आम्हांला करायची आहे. तिच्यात आजाराचं नाव, गोळीचा वार, शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत आणि गुजरातीत लिहिलेली असेल, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. वह्या त्याआधी हव्यात. ज्यांचं गुजराती अक्षर चांगलं आहे त्यांनी चहानंतर माझ्याकडे नाव द्यावं, आणि ज्यांची मूठ सकाळी वळत नाही त्यांनी चहाच्या आधी.