कामाला नाही म्हणणे

(कलशारोहण सोहळ्यात कारागिरांच्या सत्काराला उत्तर देताना गवंडी मंडळींच्या वतीने केलेले भाषण)



आज आपण आम्हां कारागिरांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ दिले. गवंडी, सुतार, सेंटरिंगवाले, वायरमन आणि डोक्यावर माल वाहणाऱ्या बाया-बापड्या या सर्वांच्या वतीने मी आपले आभार मानतो. मला भाषणाची सवय नाही. थापी आणि ओळंबा हातात धरून चाळीस वर्षे गेली. पण समितीचा आग्रह असा पडला की, मधले चार महिने काम का बंद होते ते तुम्हीच लोकांना सांगा. गावात त्यावर पुष्कळ बोलणे झालेले आहे, तेव्हा समोर सांगितलेले बरे.

सभामंडपाच्या नकाशात मधोमध खांबांची एक ओळ होती. खांब दर्शनाच्या आड येतात, मागे बसलेल्यांना कीर्तनकार दिसत नाहीत, म्हणून ती ओळ काढावी अशी सूचना आली. सूचना रास्तच होती. अडचण पुढच्या वाक्यात होती. खांब काढा, पण बीम आणि सळई आहे तेवढीच ठेवा, कारण निधी तेवढाच आहे! आता ओढ्यावर टाकलेली फळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मध्ये दगडाचा टेका असला तर माणूस खुशाल जातो. तो दगड काढला की तीच फळी पोटात लवते. मधला खांब गेला की बीमचे अंतर दुप्पट होते, आणि अंतर दुप्पट झाले की त्याला वाकवणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. मी समितीला म्हटले, इंजिनियरकडून नवा हिशेब करून आणा, तो सांगेल तेवढी सळई द्या, मी बांधतो. नाही तर हे काम माझ्या हातून होणार नाही.

असे म्हणणे सोपे असते असे कोणी समजू नये. सहा माणसांना उचल दिलेली होती. पावसाळा तोंडावर, म्हणजे दुसरे काम मिळण्याची मारामार. तालुक्याहून एक जण येऊन त्याच पैशात, त्याच सळईत स्लॅब टाकून देतो म्हणून सांगून गेला होता. माझी दोन माणसे शेजारच्या गावी रोजंदारीवर निघून गेली, आणि त्यांचे मला काही वाईट वाटले नाही. त्यांच्याही चुली पेटायच्या असतात.

घरच्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो आपल्यापैकीही अनेकांच्या मनात असेल. तुम्ही नाही केले तर दुसरा करणारच. मग तुम्हीच का करत नाही, तुमच्या हातून निदान बरे तरी होईल? आमच्या धंद्यात बहुतेक वाईट कामे याच एका वाक्याच्या आधाराने होतात. त्यावर मी पुष्कळ विचार केला. कमी सळईचा बीम कोणाच्याही हाताने ओतला तरी कमी सळईचाच राहतो. हाताच्या सफाईने तो वर फक्त गुळगुळीत दिसतो. उलट ओळखीच्या गवंड्याने केले की लोक निर्धास्त होऊन त्याखाली लेकरे निजवतात. म्हणजे माझे नावच त्या कामाचे झाकण झाले असते.

तरी प्रत्येक कमी-जास्ताला नाही म्हणत सुटावे, असे माझे मत नाही. गरिबाच्या घरी गिलावा एकाच हाताचा झाला, फरशी हलकी बसवली, रंग पुढच्या दिवाळीवर टाकला, तर त्याला मी सांगतो की, बाबा, हे एवढे-एवढे टिकेल, आणि काम करतो. त्याचे घर, त्याचा पैसा, आणि उणीव त्याच्या डोळ्यांसमोर. स्लॅबची गोष्ट निराळी आहे. सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली की मालकालाही दिसत नाही. आणि काल्याच्या कीर्तनाला इथे चार-पाचशे माणूस बसणार. त्यातल्या कोणाला विचारून आपण सळई कमी केली असती? वायरमनचेही तेच. दिव्यांची झुंबरे कमी केली तर शोभा उणी होईल; पण अर्थिंग टाळायला सांगितले, तर त्याने पक्कड खाली ठेवावी.

किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर मी काही महिने होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. सात हजारांहून अधिक माणसे गेली, बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घरांखाली. भिंती हात-दोन हात जाड होत्या. पण जाडी म्हणजे बळकटी नव्हे. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवदाच्या मातीचा बोजा. हादरा बसला आणि पदर एकमेकांपासून सुटले. तिथे कोणी मुद्दाम फसवले होते असे मी म्हणणार नाही, पुष्कळ गावांतून ती रीतच राहिली नव्हती. पण आरपारचा दगड शोधायला आणि घडायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि भिंत उभी राहिल्यावर तो आहे की नाही हे कोणी पाहत नाही. पुढे सरकारी कार्यक्रमात आम्हां गवंड्यांना तोच दगड पुन्हा शिकवण्यात आला. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शीळ भागात सात मजली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली, सत्तरहून अधिक जीव गेले. तिथे मात्र अज्ञानाचे नाव घेता येत नाही. ती काही महिन्यांत, परवानगीवाचून उभी केलेली होती. त्या इमारतीवरही कोणी तरी गवंडी होताच.

आपल्या मंडपाकडे वळतो. इंजिनियरने नवा हिशेब दिला: बीम अधिक खोल, सळई अधिक, बाजूचे खांबही जाड. खर्च वाढला. तेव्हा समितीने एक कठीण निर्णय घेतला आणि तो मला आज जाहीरपणे वाखाणावासा वाटतो. प्रवेशाची कमान तूर्त रद्द केली आणि ते पैसे सळईत घातले. आज येताना काही पाहुण्यांनी विचारले, एवढे मंदिर बांधले आणि कमान नाही? ती कमान इथे आपल्या डोक्यावर आहे. देणगीदारांची यात अडचण होते हे मी जाणतो. फरशीवर, घंटेवर, कमानीवर नाव कोरता येते. सळईवर येत नाही. तरीही एका गृहस्थांनी नाव न लावता सळईसाठी रक्कम दिली. त्यांची इच्छा म्हणून मीही नाव घेत नाही.

स्लॅब ओतला आणि अकराव्या दिवशी यात्रा आली. बीम सहा मीटरहून लांब. त्याखालचे टेकू २१ दिवस तरी हलवायचे नसतात. काढा म्हणून बराच दबाव आला, मी काढू दिले नाहीत, आणि यंदाचे कीर्तन मैदानात कापडी मांडवाखाली झाले. बुवांनी सांभाळून घेतले.

पाण्याची गोष्ट वेगळी झाली. बोअर आटलेली, गावाला टँकर, आणि स्लॅबला रोज पाणी मारायचे! माणसाच्या तोंडचे पाणी काढून स्लॅबवर ओतायला मीही धजलो नसतो. मग वाफे न करता भिजवलेली गोणपाटे अंथरली, त्यांवर प्लॅस्टिकचे कागद दाबले, आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे पाणी शिंपडत दहा दिवस ओल धरली. शाळेतली मुले आळीपाळीने गोणपाटे चाचपून पाहायला येत. तेव्हा प्रत्येक टंचाईला ‘नाही’ हेच उत्तर नसते. काही वेळा थोडी खटपट केली की भागते.

आता एक विनंती. मंडपाचा नकाशा, सळईचा तपशील आणि ओतल्याच्या तारखा लिहिलेली वही मी अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती देवळाच्या कपाटात ठेवावी. उद्या कोणी या स्लॅबवर पाण्याची टाकी किंवा वरची खोली बांधायला निघेल. हा हिशेब टाकी धरून केलेला नाही. वही दाखवल्याशिवाय वर एक वीटही चढवू देऊ नका, मग गवंडी मी असो की माझा मुलगा.

 पंगत तयार आहे असा निरोप आला आहे.