दोन खुर्च्यांचं नॅट
(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

माझा धंदा कवळ्या करण्याचा. अमरावतीतल्या दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून मी दात बसवून देतो. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली दुसरं काम सुरू होतं. प्लास्टिकची लढाऊ विमानं. बायको म्हणते, दिवसभर म्हाताऱ्यांचे दात अन् रात्री पोरांची खेळणी!

डब्यात विमानाचे सुटे भाग येतात, प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले. कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. माझी सगळी विमानं एकास बहात्तर या मापाची. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. पण डबा करणारे परदेशी. ते आपल्या देशाचं विमान डब्यात घालतात. आपल्या हवाई दलाचं हवं असेल तर पुष्कळदा करवत हातात घ्यावी लागते.

सात-आठ वर्षांपूर्वी अकोल्याचे एक काका मोडकी कवळी घेऊन दुकानात आले. लेकीकडे आले होते, जेवताना कवळीचे दोन तुकडे झाले. ती सुकेपर्यंत ते काचेच्या कपाटासमोर उभे होते. आत मी केलेलं नॅट होतं. चंदेरी रंग, पंखावर आपली तिरंगी वर्तुळं. मला त्याचा अभिमान होता. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, हे आमचं नाही होय. याले दोन खुर्च्या कायले?’’

काका हवाई दलात तंत्रज्ञ होते. नॅटवर काम केलेलं, तेही चाकांचं आणि त्यांच्या तेलाच्या नळ्यांचं. मी चूक केली होती, आणि ती मला माहीत होती. नॅट हे इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचं छोटेखानी विमान. इंग्रजांच्या हवाई दलानं ते घेतलं शिकाऊ वैमानिकांसाठी, दोन आसनी. त्यांचं ‘रेड ॲरोज’ हे कसरती पथकही १९७९ पर्यंत लाल रंगात तेच उडवत होतं. आपण मात्र एकआसनी लढाऊ नॅट घेतलं आणि पुढे बंगळुरूला बांधलं. १९६५ च्या युद्धानंतर त्याला ‘सेबर स्लेयर’ म्हणू लागले. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानच्या सेबर विमानांचा हल्ला चालू असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी उड्डाण केलं ते याच एकआसनी नॅटमधून. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. एअरफिक्सच्या डब्यात मिळतं ते इंग्रजांचं दोन आसनी. त्यावर आपली वर्तुळं चिकटवली म्हणजे झालं, असं मी मनाला समजावलं होतं.

काकांना मी म्हटलं, तुमचा विमानाजवळचा एखादा फोटो असला तर द्या, त्यावरून दुसरं करतो. ते हसले. विमानतळावर फोटो काढायला मनाई होती. नोकरीची सगळी वर्षं त्या विमानांखाली वाकून गेली आणि घरी दाखवायला एक चित्र नाही. नातू म्हणतो, आबा ट्रक दुरुस्त करत असतील. हे त्यांनी सहज सांगितलं, कवळी तोंडात बसवता बसवता.

दुसरा डबा आणला. आता हिशेब ऐका. दोन आसनी नॅट ९.६८ मीटर लांब, आपलं ८.७४ मीटर. बहात्तरनं भागलं की फरक १३ मिलिमीटर. पंखांचा विस्तार ७.३२ मीटर विरुद्ध ६.७३, म्हणजे प्रत्येक पंखाला चार मिलिमीटर कमी करायचे. पण पंख नुसता टोकाला कापून भागत नाही. एकाचं क्षेत्रफळ १७५ चौरस फूट, दुसऱ्याचं साधारण १३६, तेव्हा मागची कडही घासून आत घ्यावी लागते. शेपटीही मोठी, तीही छाटायची. मागच्या खुर्चीपाशी धड कापलं, तुकडा काढला आणि दोन टोकं जुळवायला गेलो, तर एक जाड, एक बारीक. मधे पायरी पडली.

इथे माझा धंदाच आड आला. पायरी भरायला हाताशी कवळीचं गुलाबी ॲक्रिलिक होतं. पावडर आणि द्रव कालवला, फासला, चहा प्यायला गेलो. परत येतो तो विमानाची पाठ मेणासारखी खचलेली! त्या द्रवात हे प्लास्टिक विरघळतं. रोज वापरतो ती वस्तू, आणि मला सुचलं नाही. तिसरा डबा मागवला. त्याची किंमत घरी सांगितली नाही. या वेळी एम-सील भरलं, वरून लांबी, आणि पाण्यात बुडवून पॉलिश पेपर. आठ दिवस तेच.

धंद्याचा उपयोगही झाला. एका वैमानिकापुरती काच डब्यात नव्हती. रात्री दात खाणाऱ्या माणसांसाठी पारदर्शक पट्टी करायचं मशीन माझ्याकडे आहे. प्लास्टिकचा पत्रा तापून लोंबला की साच्यावर ओढायचा, खालून हवा शोषली जाते आणि तो साच्याला घट्ट बसतो. जबड्याच्या जागी प्लास्टरची काच कोरून ठेवली. पाचवी चांगली निघाली. इंग्रजी नॅटचे एलेरॉन पंखाच्या बाहेरच्या बाजूला, आपल्या विमानाचे आतल्या बाजूला, आणि उतरताना तेच फ्लॅपसारखे झुकत. म्हणून जुन्या रेघा बुजवल्या आणि दात तपासायच्या आकडीनं नव्या ओढल्या. आपल्या नॅटला हवा ओढणाऱ्या दोन्ही तोंडांच्या बाजूला ३० मिलिमीटरची एकेक तोफ असे. तिथे इंजेक्शनच्या सुईचे तुकडे बसवले.

रंगाचं मात्र वऱ्हाडात अवघड. मे महिन्यात फवाऱ्यातून निघालेला रंग विमानावर पोचायच्या आत वाळतो आणि भुकटी बसते. पावसाळ्यात पांढुरका धूर येतो. दिवाळीनंतर हवा बरी, तर जिनिंग सुरू झालेलं असतं आणि चंदेरी रंगावर नेमका कापसाचा तंतू येऊन बसतो. मी पहाटे चारला उठून, जमिनीवर पाणी शिंपडून रंग मारतो.

चाकांची खळगी शेवटी घेतली. नॅटच्या चाकांची दारं हवेत थोडी उघडून वेग कमी करायलाही वापरत, आणि ते काकांचं खातं. जळक्या मोटारीच्या तांब्याच्या तारा काढून नळ्या केल्या. विमान उभं ठेवलं की यातलं काहीच दिसत नाही.

मिठाईच्या डब्यात कापूस घालून, मांडीवर धरून एसटीनं अकोल्याला नेलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे गचका बसला आणि चाकाचं एक दार निघालं. ते स्टँडवर उतरल्यावर चिकटवलं.

काकांना आता कमी दिसत होतं. नातू शेजारी बसला होता. त्यांनी विमान हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. खुर्ची पाहिली नाही, काच पाहिली नाही. अंगठ्यानं दारं चाचपली, मग पोट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, ‘‘सगळं बरोबर हाय भाऊ. पण तेल कुठी हाय? इतकं साफ इमान म्या कधी पाह्यलं नाही.’’

पिशवीत रंगाच्या दोन बाटल्या होत्या. मी काळ्याचं झाकण उघडलं. ‘‘काळं नाही, लालसर. हायड्रॉलिकचं तेल लाल राह्यते.’’ मग काळ्यात लाल कालवला. नातवानं विमान उलटं धरलं, मी कुंचला टेकवला, आणि काका बोटानं दाखवत गेले. इथून सुरू कर. आता मागं जाऊ दे, हवा मागं नेते त्याले. अजून. बस.