कुत्र्याने विष खाल्ले तर



मजूर-संघटनेचा माणूस कुत्र्यावर बोलणार हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. खुशाल हसावे. परंतु वडनेरच्या भोवतालच्या वावरांत ज्याने पऱ्हाटीचा एक मोसम काढला आहे, त्यास ठाऊक आहे की सालदार आणि त्याचे कुत्रे एकाच धुऱ्यावर भाकर खातात, एकाच जागलीवर रात्र काढतात, आणि वेळ आली तर एकाच डब्यातल्या विषाने पडतात. म्हणून हा विषय आम्ही आमचाच समजतो.

कुत्र्याने भलते काही खाल्ले असा संशय आला की आपण प्रथम धावतो ते चुलीकडे. कोणी दूध पाजतो, कोणी तूप, कोणी मिठाचे पाणी. यामागची माया आम्हास कळते. पण मायेने विष उतरत नाही. काही विषे तर तुपातेलाच्या संगतीने अधिकच लवकर अंगात भिनतात. मिठाचे पाणी फार झाले तर मीठच विष होऊन बसते. झटके येत असलेल्या किंवा गुंगीत पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाते. रॉकेल, ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेला असता ओकारी करविणे तर फारच घातक. भाजलेला घसा त्याने दुसऱ्यांदा भाजतो. ओकारी काढावी की नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. आपण उरलेले विष त्याच्यापुढून दूर करावे, डबा, पुडी, वेष्टन जे सापडेल ते उचलावे, किती वाजता व अंदाजे किती खाल्ले ते ध्यानात ठेवावे, आणि निघावे. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये.

डबा नेण्याचा एवढा आग्रह कशासाठी? आपल्या देशात १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले. त्यांनुसार वेष्टनावर एक चौकोन असतो, त्याचा खालचा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. औषधाचे नाव, विषबाधेची लक्षणे, त्यावरचा उतारा, सारे छापून येते. पण आमच्या मजुराच्या हाती विष पुष्कळदा मूळ डब्यात येतच नाही. मालक अर्धा लिटर औषध दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून देतो. लेबल वाड्यावर आणि विष झोपडीत खाटेखाली! मग रात्री कुत्रे फेस गाळू लागले म्हणजे डॉक्टरांना काय सांगावयाचे? ‘फवारणीचे होते’ एवढेच. मूळ डब्याशिवाय औषध हाती घ्यावयाचे नाही, ही मागणी आम्ही मजुरीच्या दराच्या बरोबरीने मांडत असतो. ती मान्य करावयास मालकाला एक पैसाही पडत नाही, तरी ती मान्य होत नाही.

कापसावर मारण्यात येणाऱ्या फॉस्फरसयुक्त औषधांनी तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगाला कापरे अशी लक्षणे होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास कोंडतो. औषध अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने कुत्र्यास धुवावे, कारण हे विष कातडीतूनही आत जाते. त्यावर डॉक्टर ॲट्रोपीन टोचतात. २०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले, त्या वेळीही डॉक्टरांच्या हाती हेच ॲट्रोपीन होते. माणसाचा आणि कुत्र्याचा उतारा एकच आहे.

मुकी जनावरे आधी पडतात आणि आपण ती उकिरड्यावर टाकून मोकळे होतो. जपानात मिनामाता नावाच्या कोळ्यांच्या गावी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली होती. माणसांच्या त्याच रोगाची सरकारदरबारी नोंद १९५६ साली झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा मासळीत उतरला होता. तेथील कामगारांच्या एका संघटनेने १९६८ च्या ऑगस्टमध्ये ठराव केला की, या रोगाविरुद्ध आपण लढलो नाही याची आपणास लाज वाटते. संघटनेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो ठराव जवळ ठेवावा असे आम्हास वाटते.

आता उंदराचे औषध. ते दोन तऱ्हांचे असते आणि दोन्ही फसवी. काळसर भुकटी कणकेच्या गोळीत घालतात, ते झिंक फॉस्फाइड. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो. ओकारीला लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास येतो. असे कुत्रे बंद खोलीत ठेवू नये, तो वायू घरच्या माणसांनाही बाधतो. दुसरे म्हणजे वडीच्या रूपात मिळणारे ब्रोमाडायोलोन. ते खाऊन कुत्रे दोन-चार दिवस शेपूट हालवीत हिंडते. घरचे म्हणतात, पचले! मग हिरड्यांतून रक्त येते, शौचास काळे होते, धाप लागते. याचा उतारा व्हिटॅमिन के. तो कित्येक आठवडे द्यावा लागतो, पण वेळीच सुरू केला तर कुत्रे सहसा वाचते.

स्वयंपाकघरातही थोडे पाहावे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला, द्राक्षे-मनुका मूत्रपिंडाला आणि चॉकलेट हृदयाला बाधते. आपली तापाची किंवा अंगदुखीची गोळी प्रेमाने देणारेही आहेत. ती देऊ नये. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या गायीम्हशींच्या पोटात ते बरेचसे निकामी होते. कुत्र्यास ती सोय नाही. म्हणून ढेपेच्या पोत्याजवळ त्यास बांधू नये.

रानडुकरासाठी धुऱ्यावर विष ठेवणाऱ्यांविषयी आम्ही काय बोलावे! डुक्कर हुंगून निघून जाते आणि शेजाऱ्याचे कुत्रे खाते. मुद्दाम कुत्र्यास विष घालणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात आधी फोन करून निघावे. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. प्रकरण हाताबाहेरचे असेल तर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे. कुत्रे नाहीच वाचले तर नाल्यात फेकू नये. घारी, कावळे, दुसरी कुत्री त्यास तोंड लावतात. खोल खड्डा करून पुरावे, ओकारी सांडलेली माती उकरून त्याच खड्ड्यात टाकावी, हात साबणाने धुवावेत, आणि लेकरांना त्या जागी काही दिवस खेळू देऊ नये.